मातीचें ऋण आणि त्याची फेड

मनुष्य मातीपासून जें घेतो तें मातीस परत देतो, या एका व्यवहारावर कोणा नीतिकारानें संशय घेतल्याचें आम्हांस आठवत नाहीं. दानधर्मांत दंभ असूं शकतो, विद्यादानांत अहंकार असूं शकतो, देवपूजेंतही स्वार्थ शिरतो. परंतु गोठ्यांतील शेण उकिरड्यावर टाकून, तें कुजवून, पावसाळ्यापूर्वीं शेतांत पसरणाऱ्या शेतकऱ्याच्या कृत्यांत खोट काढावयास जागा कोठें होती? घेतलें तें परत केलें, यापेक्षां शुद्ध व्यवहार तो कोणता? १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूर येथें कंपोस्ट खताचे प्रयोग करणारे सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं तर या परतफेडीसच शेतीचा मूलभूत नियम मानिलें. आणि आपल्याकडील अशिक्षित शेतकरी हा नियम त्यांच्या कितीतरी आधींपासून पाळीत आला होता.

अशा या निष्कलंक व्यवहाराविषयीं पुन्हां विचार करण्याचा प्रसंग आम्हांवर गेल्या वैशाखांत आला. सुटींत आम्ही गांवीं गेलों होतों. वडिलार्जित शेती आमचा पुतण्या पाहतो. बैल विकून आतां पांच-सहा वर्षें झालीं. गोठ्यांत एक म्हैस उरली आहे, आणि तिच्या शेणानें परसांतले वाफेही पुरते भागत नाहींत. म्हणून जवळच्या एका शेडमधून कोंबडखताच्या दोन ट्रॉल्या आणून त्यानें बांधाशीं ओतल्या होत्या. त्याच आठवड्यांत आमच्या वहिनी, म्हणजे त्याच्या मातोश्री, तालुक्याच्या दवाखान्यांतून घरीं आल्या होत्या. विकार मूत्रमार्गाचा, वरवर साधा. परंतु पहिलें औषध लागू पडलें नाहीं, दुसरेंही पडलें नाहीं. शेवटीं त्यांतील जंतू प्रयोगशाळेंत वाढवून त्यांवर कोणतें औषध चालतें हें पाहावें लागलें, आणि यादींतील बहुतेक औषधांपुढें निरुपयोगीपणाची खूण होऊन आली. शिरेंतून द्यावयाचें एक औषध अखेर चाललें व वहिनी बऱ्या झाल्या.

संध्याकाळीं ओसरीवर बसलों असतां आम्हीं पुतण्यास विचारलें, "कां रे, कोंबड्यांना खाद्यांतून औषधें घालतात म्हणे. तीं या खतांत उतरत नसतील काय?"

तो म्हणाला, "तें शेडवाल्याला ठाऊक, काका. आणि त्याला विचारलें तर तो म्हणतो, खाद्य तयार येतें, त्यांत काय असतें तें बनविणाऱ्याला ठाऊक. आपण खत तेवढें घेतों."

त्याच्या उत्तरांत लबाडी नव्हती. मुलगा कष्टाळू आहे, जमिनीवर जीव लावणारा आहे. वहिनींचें दुखणें त्या खतापासून आलें असेंही आम्ही म्हणत नाहीं. तें तर ट्रॉल्या येण्यापूर्वींचें. त्या जंतूनें औषधास दाद न देण्याची विद्या कोणत्या शेतांत, कोणत्या दवाखान्यांत, कीं कोणाच्या पोटांत संपादन केली, हें कोणी सांगूं शकणार नाहीं. परंतु सांगतां येत नाहीं, हाच या प्रश्नांतील खरा कांटा आहे. ज्या अपायाचा कर्ता दाखवितां येत नाहीं, त्याची जबाबदारी कोणावर? आणि दाखवितां येत नाहीं एवढ्यावरून ती कोणावरच नाहीं, असें समजावें काय?

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. ज्यांस आपण प्रतिजैविक औषधें म्हणतों, त्यांपैकीं पुष्कळांचें माहेर मातींत आहे. मातींतील सूक्ष्म जंतू एकमेकांच्या सान्निध्यांत राहतांना जीं द्रव्यें निर्माण करितात, त्यांतूनच मनुष्यानें हीं औषधें उचललीं. १९४३ सालीं अमेरिकेंत, न्यू जर्सींतील रटगर्स येथें, सेल्मन वाक्समन यांच्या हाताखालीं काम करणाऱ्या अल्बर्ट शाट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें स्ट्रेप्टोमायसिन शोधून काढलें. क्षयरोगावर गुणकारी ठरलेलें हें पहिलें प्रतिजैविक. क्षयाचें नांव उच्चारतांच ज्या काळीं घरचीं माणसें हवालदिल होत, तो काळ ज्यांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला असेल, त्यांस या शोधाची थोरवी सांगावयास नको. हें औषध ज्या जंतूपासून मिळालें, त्याचे दोन वाण शाट्झच्या हातीं आले होते. एक कोंबडीच्या घशांतून. आणि दुसरा, गुराढोरांचें खत भरपूर घातलेल्या शेताच्या मातींतून. पुढें १९४५ सालीं मिसूरी विद्यापीठाच्या सॅनबर्न फील्ड नांवाच्या जुन्या प्रयोगक्षेत्रांतील मातीच्या एका नमुन्यांतून बेंजामिन डग्गर यांस ऑरियोमायसिन मिळालें. टेट्रासायक्लिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औषधकुळांतील तें पहिलें. खतावलेलें शेत, कोंबडीचा घसा, प्रयोगक्षेत्राची माती, हीं या औषधांचीं जन्मस्थानें होत. तेव्हां या बाबतींत आपण मातीचे ऋणको आहों, यांत संशय नाहीं.

हें ऋण आपण कसें फेडलें तें आतां पाहावें. १९५० सालीं थॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टॅड या दोघा शास्त्रज्ञांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, ऑरियोमायसिन काढून घेतल्यावर उरलेला चोथा कोंबड्यांच्या पिलांस चारला असतां तीं झपाट्यानें वाढतात. ते शोधीत होते जीवनसत्त्व. हातीं लागली वाढ. त्या चोथ्यांत राहून गेलेल्या अल्पशा औषधाचा हा परिणाम होता. मग काय विचारतां? रोगी जनावरास नव्हे, तर निरोगी जनावरास, रोज, थोडें थोडें औषध खाद्यांतून देण्याची प्रथा सुरू झाली. मांस स्वस्त झालें, अंडीं स्वस्त झालीं. शास्त्रज्ञ, शेतकरी व गिऱ्हाईक तिघेही संतुष्ट झाले. यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें म्हणतां येत नाहीं. उलट, युद्धानंतरच्या त्या टंचाईच्या दिवसांत अधिक लोकांस अधिक पौष्टिक अन्न मिळावें, ही इच्छा सत्प्रवृत्तच म्हणावी लागेल.

परंतु जनावराच्या पोटांत गेलेलें औषध सगळेंच तेथें जिरत नाहीं. त्याचा बराच भाग मलमूत्रावाटे बाहेर पडतो आणि खताबरोबर शेतांत जातो. असें खत मातींत पडलें म्हणजे तीन गोष्टी एकदम घडतात. एक, औषधाचा अंश मातींत पोंचतो. तो जंतूंना मारण्याइतका नसला, तरी दुर्बळांस मागें सारून औषधास न जुमानणाऱ्यांस पुढें आणण्यास कधीं कधीं पुरतो. दुसरी, जनावराच्या आंतड्यांत औषधावर पोसून निगरगट्ट झालेले जंतू स्वतःच मातींत येतात. तिसरी, खताच्या पौष्टिकपणानें मातींतले मूळचे कांहीं जंतूही फोफावतात. यांवर कडी म्हणजे जंतूंचा एक विलक्षण गुण. आपल्यांत विद्या गुरूकडून शिष्याकडे व गुण बापाकडून मुलाकडे जातात. जंतूंमध्यें ते शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, किंबहुना एका जातीकडून परक्या जातीकडेही जातात. १९५९ सालीं जपानांत असें आढळून आलें कीं, आमांशाच्या जंतूंना अनेक औषधांपासून वांचविणारा गुण आंतड्यांतल्या दुसऱ्या जंतूंकडून आयता मिळूं शकतो. या देवघेवीचें साधन म्हणजे प्लास्मिड नांवाचीं जनुकांचीं छोटीं वर्तुळें. म्हणजे शेतांतला एखादा निरुपद्रवी जंतूसुद्धां उपद्रवी जंतूस शस्त्र पुरविणारा लोहार होऊं शकतो.

ही केवळ कल्पना नाहीं. हॉलंडांत १९४० पासून जपून ठेविलेले शेतमातीचे नमुने तपासून २०१० सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, औषधांस रोध करणारीं जनुकें त्या मातींत दशकामागून दशक वाढतच गेलीं. टेट्रासायक्लिनला रोध करणारीं कांहीं तर १९७० च्या सुमाराच्या मानानें पंधरा पटींहून अधिक झालीं. तसेंच, अमेरिकेंत बॉस्टनजवळच्या एका शेतावर स्टुअर्ट लेव्ही यांनीं पिलांना टेट्रासायक्लिनमिश्रित खाद्य घालून पाहिलें. १९७६ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा कीं, एक-दोन आठवड्यांतच पिलांच्या पोटांतले जंतू त्या औषधास दाद देईनासे झाले, आणि पांच-सहा महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटांतही तसलेच जंतू दिसूं लागले. त्या माणसांनीं स्वतः तें औषध घेतलेलें नव्हतें.

येथें दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, औषधास दाद न देण्याचा गुण मनुष्यानें निर्माण केलेलाच नाहीं. कॅनडांतील युकॉन प्रदेशांत तीस हजार वर्षें गोठून राहिलेल्या भूमींत अशा गुणाचीं जनुकें सांपडल्याचें २०११ सालीं सिद्ध झालें आहे. ज्या मातींत औषध जन्मलें तींत त्याचा उताराही जन्मावा, हें स्वाभाविकच होय. मग मनुष्यास दोष कां? आम्हांस वाटतें, या आक्षेपाचें उत्तर सोपें आहे. अग्नि मनुष्यानें निर्माण केलेला नाहीं. म्हणून गंजीस काडी लावणारा निर्दोष ठरत नाहीं. जें अल्प व विखुरलेलें होतें, तें आपण गोळा केलें, पोसलें आणि मनुष्यवस्तीच्या दाराशीं आणून सोडलें.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो, आणि त्यानें आम्हांस काहीं काळ खरोखर गोंधळांत टाकिलें. अमेरिकेंतच एक प्रयोग झाला, तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या गाईंना प्रतिजैविकें मुळींच दिलेलीं नव्हतीं, त्यांचें शेण मातींत घातलें. तुलनेसाठीं दुसऱ्या मातींत रासायनिक खत घातलें. शेण घातलेल्या मातींत पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांस न जुमानणारे जंतू अधिक वाढले; आणि ते बहुतांशीं शेणांतून आलेले नव्हते, मातींतलेच मूळचे रहिवासी होते! म्हणजे सात्त्विकांतल्या सात्त्विक शेणानेंही हा परिणाम होऊं शकतो. यावर कोणी म्हणेल, मग सगळेंच सारखें. पथ्य पाळा कीं न पाळा.

आमच्या मतें यांतून निघणारा बोध नेमका उलटा आहे. सर्वथा निर्दोष असें कर्म या जगांत मिळणें कठीण, हें तर आपल्या पूर्वजांनीं केव्हांच ओळखलें होतें. नांगराच्या फाळाखालीं किती जीव मरतात याची गणती त्यांनीं केली, तरी नांगर टाकून दिला नाहीं. कर्मांत अपरिहार्य असा दोष असतो, आणि सोयीसाठीं पत्करलेला दोषही असतो. पहिला दाखवून दुसऱ्याची माफी मागतां येत नाहीं. जी माती शुद्ध शेणानेंही इतकी चाळवते, तिच्यांत वर औषधाचा अंश व निगरगट्ट जंतू ओतण्यापूर्वीं दुप्पट विचार नको काय?

आतां जबाबदारीच्या प्रश्नाकडे वळूं. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिक घेतांना केलेल्या व्याख्यानांत एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्याच मतानें थोडेंसें पेनिसिलिन घेतो. जंतू मरत नाहींत, मात्र औषध पचवावयास शिकतात. तेच पुढें त्याच्या पत्नीस बाधतात, तिच्यावर पेनिसिलिन चालत नाहीं आणि ती दगावते. तिच्या मृत्यूस कारण कोण, असा फ्लेमिंगचा प्रश्न होता. त्या गोष्टींत उत्तर सोपें होतें. कारण गुन्हेगार व बळी एकाच घरांत होते. आपल्या प्रश्नांत तें घर जगाएवढें झालें आहे. एका संशोधनाच्या अंदाजाप्रमाणें २०१९ या एका वर्षांत औषधांस दाद न देणाऱ्या जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें थेट मरण पावलीं. त्यांतला किती भाग दवाखान्यांचा, किती घरगुती गोळ्यांचा व किती शेतखतांचा, याची वांटणी करून देणारा हिशेबनीस नाहीं. शेतखताचा वांटा त्यांत थोडाही असेल. परंतु थोड्यांचा थोडा म्हणून प्रत्येकानें आपला वांटा शून्य धरावा, अशी मुभा कोणतें नीतिशास्त्र देतें?

हेतु पाहून कर्माची किंमत ठरवावी, असें कांट सांगतो. परिणाम पाहून ठरवावी, असें मिल सांगतो. महाविद्यालयांत हे दोन पक्ष आम्ही वर्षानुवर्षें शिकविले. आमच्या पुतण्यास दोघांपुढें उभें केलें, तर प्रथमदर्शनीं तो दोन्हीकडून सुटेल. हेतु चांगला, आणि त्याच्या दोन ट्रॉल्यांचा परिणाम मोजतां येणार नाहीं इतका अल्प. परंतु थोडें खोल पाहिलें म्हणजे दोघेही त्यास परत बोलावितात. मिल म्हणेल, थेंबें थेंबें तळें सांचे. तुझा थेंब तळ्यावेगळा मोजूं नकोस. कांट म्हणेल, खत घालण्याचा तुझा हेतु चांगलाच आहे. परंतु "मी जें देतों त्यांत काय आहे तें मी विचारणार नाहीं," हा नियम सर्वांनीं पाळला तर चालेल काय?

आमच्या समजुतीप्रमाणें दोष आहे तो येथें. अज्ञान दोन प्रकारचें असतें. एक न टळणारें. त्यास कोणी बोल लावीत नाहीं. १९५० सालच्या शेतकऱ्याचें अज्ञान तसलें होतें. दुसरें अज्ञान राखलेलें असतें. जाणून घेतलें तर कांहीं सोडावें लागेल, म्हणून न विचारलेलें. शेतकरी शेडवाल्याकडे बोट दाखवितो, शेडवाला खाद्य बनविणाऱ्याकडे, तो बाजारभावाकडे. आणि बाजारभाव म्हणजे कोण, तर आपण. स्वस्त अंडें आपणांस हवें असतें. पडशास दोन दिवस झाले कीं, "डॉक्टर, कांहीं जोरदार द्या," असें आपणच म्हणतों, आणि बरें वाटतांच उरलेल्या गोळ्या आपणच खणांत टाकितों. हें लिहीत असतां आमच्या टेबलाच्या खणांत तसली एक अर्धी पट्टी पडलेली आहे. तेव्हां पुतण्यास उपदेश करण्याचा आमचा अधिकार फारसा मोठा नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

मग करावयाचें काय? खत टाकणें सोडावें, असें कोणी सुज्ञ म्हणणार नाहीं. सेंद्रिय खतावांचून आपली जमीन निःसत्त्व होईल. सुधारावयाचें तें उगमाशीं. ब्रिटनमध्यें १९६९ सालीं स्वॉन समितीनें जनावरांच्या खाद्यांतील प्रतिजैविकांविषयीं स्पष्ट इशारा दिला. त्या वर्षानंतर जगास 'ठाऊक नव्हतें' म्हणण्याची सोय राहिली नाहीं. स्वीडननें १९८६ सालीं वाढीसाठीं अशीं औषधें देण्यास बंदी केली. युरोपीय संघानें २००६ पासून ती सर्वत्र लागू केली. भारत सरकारनेंही २०१९ सालीं कोलिस्टिन हें मनुष्याच्या अगदीं अखेरच्या उपायांतलें औषध खाद्यासाठीं पाळलेल्या जनावरांस देण्याची मनाई केली. शिवाय, खत नीट रचून, त्यांत उष्णता निर्माण होऊं देऊन पुरतें कुजविलें, तर औषधाचा अंश व अपायकारक जंतू पुष्कळसे कमी होतात. सगळीं जनुकें मात्र नाहींशीं होत नाहींत. उकिरडा वर्षभर मुरूं द्यावा, हा जुन्या माणसांचा आग्रह आतां वेगळ्याच अर्थानें शहाणपणाचा वाटूं लागतो.

या खटपटीचा उपयोग होतो काय? डेन्मार्कांत आस्कोव येथें १९२३ पासूनचे मातीचे नमुने जपलेले आहेत. एका जमिनीस जनावरांचें खत, दुसरीस रासायनिक. पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांस रोध करणारीं जनुकें खतावलेल्या जमिनींत औषधयुगाबरोबर वाढत गेलीं. आणि त्या देशानें जनावरांवरील औषधांना आळा घातल्यावर तीं उतरूं लागलीं. मातीनें क्षमा केली, असें म्हणावयाचा मोह होतो. परंतु त्याच जमिनींत जनुकांची देवघेव सुकर करणारा एक घटक मात्र पुढेंही वाढतच राहिला. क्षमा झाली असेल. विस्मरण झालें नाहीं.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपल्या घरोघरीं सांगितली जाते. महादेवाचा गाभारा दुधानें भरावा म्हणून राजानें दवंडी पिटविली. गांवचें सगळें दूध ओतलें गेलें, तरी गाभारा भरला नाहीं. मुलांना पाजून, वासरांना पाजून, उरलेलें खुलभर दूध घेऊन एक म्हातारी आली, आणि तेवढ्यानें तो भरला. लहानपणीं आम्हांस हा चमत्कार वाटे. आतां त्यांतला हिशेब दिसतो. देवापुढें काय ओतलें एवढेंच पाहिलें गेलें नाहीं. तें येण्यापूर्वीं गोठ्यांत काय घडलें, हेंही पाहिलें गेलें. मातीस दिलेल्या खताची गोष्ट याहून वेगळी नाहीं. परत दिलें, एवढ्यानें ऋण फिटत नाहीं. काय परत दिलें, हें विचारावें लागतें.

परवां पुतण्याचें पत्र आलें. पुढच्या वर्षीं खत घेण्यापूर्वीं खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी दाखव, असें त्यानें शेडवाल्यास सांगितलें आहे. शेडवाला हंसला, परंतु 'दाखवितों' म्हणाला. खत यंदां पसरलें नाहीं. बांधाशींच रचून, पाणी मारून, वर पालापाचोळा घालून कुजत ठेविलें आहे. वहिनींची प्रकृति ठीक आहे. आमच्या खणांतल्या त्या अर्ध्या पट्टीचें काय करावें, हा प्रश्न आतां आमचा आहे.